वाफेवरचं मीठ

दयाबाईंनी ईस्टरच्या प्रीतिभोजनाचा रस्सा आयुष्यात कधी चाखून पाहिला नव्हता. देवाचे आभार मानल्याशिवाय भांड्यातलं अन्न जिभेला लावायचं नाही, असं त्यांना सासूने सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूने. ती आजेसासू ख्रिस्ती होण्याआधी नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न उष्टं करत नसे. धर्म बदलला म्हणून चुलीपुढची शिस्त बदलायचं तिला काही कारण दिसलं नसावं. बायबलात असं कुठंही लिहिलेलं नाही, हे दर नव्या पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. पाळक येत आणि बदली होऊन जात, पण शिरूरच्या मिशन कंपाऊंडातली ही रीत काही जागची हलली नाही.

मग मीठ कसं कळायचं? तर वाफेवरून. भगुण्यावरचं झाकण सरकवून दयाबाई तोंड पुढे करत, डोळे मिटून नाकभर वाफ घेत आणि म्हणत, "अजून मूठभर." मिठाला कुठं वास असतो, असं विचारायची कंपाऊंडात कुणाची छाती नव्हती, कारण त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कांदा कापायला, मसाला वाटायला, जाळ सारायला दहा हात चालत, पण मिठाचा डबा त्या कुणाच्या हाती देत नसत. महिला मंडळाच्या अध्यक्ष रतनबाई यांना ही गोष्ट वर्षानुवर्षं खुपत होती. अध्यक्ष त्या, प्रार्थना चालवायची त्यांनी, पानं मांडून घ्यायची त्यांनी आणि घरी जाताना माणसं बोलणार ती रश्श्याबद्दल.

कौतुकाचीही एक रीत होती. प्रार्थना झाली की पहिला घास मंडळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाने घ्यायचा. अलीकडे तो मान हेन्री आबांचा, म्हणजे दयाबाईंच्या थोरल्या दिरांचा होता. आबा एसटीचे ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही आणि राहायला दयाबाईंच्या भिंतीला भिंत लागून दोन खोल्या. दयाबाईंचे यजमान वारल्यापासून दोन घरांची चूल एकच झाली होती, सकाळ-संध्याकाळ आबांचा डबा इकडून जायचा. तर ईस्टरला आबा घास घेत, सगळी पंगत हात आवरून त्यांच्या तोंडाकडे बघत राही आणि ते म्हणत, "बेस झालंय." या दोन शब्दांवर दयाबाईंचं पुढचं वर्ष निघत असे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वर्षी ईस्टरच्या जरा आधी दयाबाई लेकीकडे दौंडला जाऊन आल्या. लेक जॉयस, जावई सॅम्युएल रेल्वेत आणि नात फेथ पाच वर्षांची. नातीला उलट्या-जुलाब होत होते म्हणून तर त्या गेल्या. जावयाला थोडा खोकला होता, पण धुळीत काम करणाऱ्याला तो असायचाच, म्हणून तिकडं कुणी लक्ष दिलं नाही. दयाबाईंचं सगळं लक्ष लेकीच्या फ्रिजकडे.

"हे शिळं-पाकं लेकराला घालतीस, दुसरं काय व्हणार?" त्यांनी डबे उघडून उघडून दाखवले.

"आई, फेथला ताजंच करते गं मी."

"ताजं खाऊन पोटं बिघडत्यात व्हय कुणाची? तुझ्या हाताला चव न्हाई ती न्हाई, आता स्वच्छता बी राह्यली न्हाई."

जॉयसने डब्यांची झाकणं पुन्हा लावली. स्वयंपाकाच्या बाबतीत आईपुढे बोलून उपयोग नसतो, हे तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. दयाबाईंनी नातीला मांडीवर घेऊन ताकभात भरवला, तिने टाकलेला उरलेला भात आपण खाल्ला, लेकीला निघता निघता आणखी दोन शब्द सुनावले आणि त्या एसटीत बसल्या.

गुड फ्रायडेला त्यांचंही पोट ढवळलं. दिवसभर उपवास, त्यावर नुसता चहा, असं व्हायचंच, म्हणून त्यांनी ओव्याची फक्की मारली. शनिवारी सगळ्याजणी मसाला भाजायला जमल्या. बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून ठसकत अंगणात पळाल्या आणि दयाबाई मात्र कढईपुढे शांत बसून होत्या. "या मसाल्याला वासच न्हाई गं," त्या म्हणाल्या. "जुना माल मारलाय गळ्यात." दुकानदाराला त्यांनी फोनवर चार शब्द सुनावलेही.

त्या वर्षी मोजक्याच माणसांत उपासना करा असा सरकारी आदेश होता. उपासना तशीच झाली. जेवणाबद्दल आदेशात काही म्हटलेलं नाही, असा अर्थ चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींनी काढला आणि पाळकसाहेबांच्या घरामागे, चिंचेखाली, फाटक आतून लावून प्रीतिभोजन उरकायचं ठरवलं. पाळक एबनेझर वयाने तरणे आणि शिरूरला नवे. नको म्हणावं असं त्यांच्या मनात होतं, ते मनातच राहिलं.

रविवारी दयाबाईंनी झाकण सरकवलं, डोळे मिटले आणि वाफ घेतली. गरम हवा तोंडाला लागली, बाकी काहीच नाही. त्यांनी पुन्हा वाफ घेतली. डोळे उघडले तर रतनबाई जवळच उभ्या राहून बघत होत्या. "अजून मूठभर," दयाबाई म्हणाल्या, कारण दर वर्षी त्या हेच म्हणत. मीठ टाकलं. थोड्या वेळाने, मघाशी टाकलं की नुसतंच म्हटलं अशी शंका आली, म्हणून रतनबाईंची पाठ वळल्यावर आणखी एक मूठ टाकली.

प्रार्थना झाली. आबांनी पहिला घास घेतला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ चावला. त्यांचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून मागे आला.

"बेस झालंय," ते म्हणाले.

पंगत जेवली. पाण्याचं पिंप लवकर रिकामं झालं, पण उन्हाचे दिवस होते.

पुढच्या आठवड्यात कंपाऊंडातल्या प्रत्येक घरी संडासाचं दार सारखं वाजू लागलं. कुणाला उलट्या, कुणाला पोटात कळा, कुणाला नुसते जुलाब. दोघा-तिघांना कणकण होती, पण जुलाबात अंग तापतंच, असं म्हणून त्यांनी पांघरूण घेतलं. "रश्श्यानंच झालं हे," असं पहिल्यांदा रतनबाई म्हणाल्या आणि तासाभरात ते सगळ्यांचं मत झालं.

खरं तर बाहेर गावभर काय चाललं होतं ते काय कुणाला दिसत नव्हतं? रोज रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू यायचा. पण त्या रोगाचं नाव घेतलं की आरोग्य खात्याची माणसं येणार, तुम्ही कुठं जमला होतात असं विचारणार, बंद फाटकामागची पंगत उघडी पडणार, पाळकसाहेबांवर कारवाई आणि फाटकाला पत्रे. आधीच्या वर्षी बाजारपेठेतल्या एका गल्लीला लागलेले पत्रे सगळ्यांनी पाहिले होते. शिवाय खोकला कुणालाच फारसा नव्हता आणि तो रोग म्हणजे खोकला, हे प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अन्न बाधलं, हे सगळ्यांच्याच सोयीचं होतं. गैरसोय होती ती फक्त दयाबाईंची.

"सलाम, दया," रतनबाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या. "वाईट मानू नको, पण मटण आदल्या दिवशी आणून ठिवलं व्हतंस का?"

"सकाळी कापलेलं. तुमच्याच देखत आलं की."

"मग भगुण्याची कल्हई गेली असंल."

दयाबाईंच्या हे जिव्हारी लागलं. पोटात कळ येत असतानाही त्यांनी ते भलंमोठं भगुणं माळ्यावरून काढलं, राखेने घासलं आणि आतली चकाकणारी कल्हई येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून अंगणाच्या मधोमध आडवं करून ठेवलं. ते तीन दिवस तसंच पडून होतं. माणसं बघत आणि बाजूने निघून जात. त्यांनी शेजारी पाठवलेली आमटीची वाटी भरलेली तशीच परत आली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातचं अन्न कुणी परत पाठवलं होतं आणि त्या रात्री त्या उशीत तोंड खुपसून रडल्या.

डबा खात होते ते फक्त आबा. जुलाब त्यांना सगळ्यांत जास्त होते, तरी खात होते.

"तुम्हाला बी शंका येती का, आबा?"

"शंका असती तर डबा घेतला असता व्हय?" आबा म्हणाले आणि भिंतीला धरत आत गेले.

मग दौंडहून जॉयसचा फोन आला. सॅम्युएलला ताप चढला, तपासणी केली, दोघंही पॉझिटिव्ह निघाले, घरातच वेगळे राहिले आहेत, काळजीचं कारण नाही. "डॉक्टर म्हणाले, फेथचं पण तेच होतं. काहीजणांच्या आधी पोटातच शिरतो म्हणे हा आजार, लहान पोरांच्या तर जास्तच. फ्रिजचं नव्हतं ते, आई." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर दयाबाईंना बरं वाटलं असतं. "तू बरी आहेस ना? वास येतो ना तुला?"

दयाबाईंनी फोन ठेवला, फडताळातून हिंगाची डबी काढली, उघडली आणि नाकाला लावली. मग झाकण लावून ती होती तिथं ठेवली.

खरं सांगायचं तर आधी त्यांना आनंदच झाला. रश्श्यात काही नव्हतं! मटण ताजं होतं, कल्हई शाबूत होती, हात स्वच्छ होता. पदर खोचून त्या रतनबाईंच्या घराच्या दिशेने निघाल्यासुद्धा. आपल्याच उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत पुढचा विचार आला आणि त्या तिथूनच मागे फिरल्या. दौंडहून तो आजार कंपाऊंडात कुणी आणला? पंगतीत प्रत्येकाच्या पानापुढे वाकून, "घ्या की अजून" म्हणत कोण वाढत होतं? स्वयंपाकातून नाव सोडवायचं तर हे सगळं सांगावं लागणार आणि एकदा ते सांगितलं की शिळं मटण घालणारी बाई परवडली, असं लोक म्हणणार. दयाबाईंनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि गप्प बसायचं ठरवलं. बहुतेकांची पोटं आता ठिकाणावर येत होती. आपोआप मिटतंय ते कशाला उकरायचं, असं त्यांनी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आबांचा डबा घेऊन गेल्या तेव्हा खोलीत रतनबाई आणि पाळकसाहेब आधीच आलेले होते. आबा खाटेवर पाय सोडून, गुडघ्यांवर हात रोवून बसले होते.

"सलाम... दया," ते म्हणाले. "जुलाब... थांबले. ताकद... तेवढी... गेली."

इतकं बोलायला त्यांना चार वेळा श्वास घ्यावा लागला. धाप लागल्याची त्यांची काही तक्रार नव्हती, उलट ते हसत होते. दयाबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. नखं जांभळी पडली होती.

"तुझा डबा परत ने, बाई," रतनबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात डाळिंबाच्या सालीच्या काढ्याचा पेला होता. "त्यानंच तर ही वेळ आलीया. आजचा दिवस काढा दिऊ. अशक्तपणा हाय, उद्यापातूर उतरंल."

त्या वेळी निघून जाणं अगदी सोपं होतं. डबा उचलायचा, अपमान झाला म्हणून तोंड फिरवायचं आणि जायचं. कुणी अडवलं नसतं. दयाबाई डबा धरून उभ्या राहिल्या. आबांनी पुन्हा श्वास घेतला, तो भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा.

"रतनबाई, रश्श्यात काय बी नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आता तरी मान्य कर गं—"

"माझ्यात व्हतं. दौंडला जॉयसच्या घरात कोरोना निघालाय. पोरीचं पोट आधी गेलं, मग माझं, मग तुमचं समद्यांचं. मला वास येत न्हाई, ईस्टरच्या आदल्या दिवसापासनं न्हाई. मीच घिऊन आले ते. काल कळलं आन् कालपासनं गप बसले. साहेब, आबांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. हे जुलाबाचं न्हाई."

रतनबाईंनी पदर तोंडावर ओढला आणि त्या दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. एबनेझर साहेब पळत घरी गेले आणि बोटाला लावायचं मशीन घेऊन आले. आकडा ऐंशीच्याही खाली होता. मशीन बिघडलं असेल म्हणून त्यांनी ते स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं, तर ते चांगलं चालत होतं. साहेबांचा चेहरा उतरला. पंगत, बंद फाटक, वडीलमंडळींनी काढलेला अर्थ, सगळं त्यांना आठवलं असणार. पण त्या तरण्या माणसाने खिशातून फोन काढला आणि आरोग्य खात्यात स्वतःच्या नावाने, काही न लपवता, झालं ते सांगून टाकलं.

कंपाऊंडामागचे शेतकरी हौसराव कांद्याचा टेम्पो घेऊन आले. आजार कुठला ते त्यांना सांगितलं. "तोंड बांधतो आन् काचा खाली करतो," ते म्हणाले, "बसवा आबांना." खाट हलवताना आबांनी डब्याकडे बोट दाखवलं. "संगं... दे." दयाबाईंनी डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. शिरूरमध्ये जागा नव्हती. दोन ठिकाणी नकार ऐकून शेवटी कारेगावच्या बाजूला एका दवाखान्यात ऑक्सिजनची खाट मिळाली. आणखी अर्धा दिवस गेला असता तर खाट मिळून उपयोग नव्हता, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

कंपाऊंडाची तपासणी झाली. निम्म्याहून जास्त माणसं पॉझिटिव्ह निघाली, त्यांत रतनबाईही. फाटकाला पत्रे लागले, साहेबांना नोटीस आली. दयाबाई घरात एकट्या, लोक येऊन शिव्या देतील म्हणून वाट बघत राहिल्या. कुणी दिल्या नाहीत. सगळ्यांनाच आपण का गप्प बसलो ते माहीत होतं. तीन आठवड्यांनी आबा परत आले, शर्टात दुसरा माणूस मावेल इतके वाळून, पण आपल्या पायांनी.

पत्रे निघाल्यावर रतनबाई कुंपणापाशी आल्या. "रोगाचं सोड," त्या म्हणाल्या. "त्यो काय तू इकत आणला व्हतास? पण दया, खरं सांगू? रस्सा लई खारट झाला व्हता."

दयाबाई तडक आबांकडे गेल्या. "खारट व्हता?"

"जरा."

"मग बेस का म्हणलात?"

"इतक्या वर्सांत एकदा चुकलीस. त्याचा काय डांगोरा पिटायचा?"

दयाबाईंची वासाची जाण काही परत आली नाही, आणि तिच्याबरोबर गेलेली चवही. कुणाची महिन्याने आली, कुणाची चार महिन्यांनी. त्यांचं वर्ष गेलं तरी कढीपत्ता आणि कोथिंबीर हाताला सारखीच. दोघांच्या डब्यापुरतं मीठ त्या चमच्याने मोजून टाकत आणि रोज संध्याकाळी रिकामा डबा घेताना विचारत, "मीठ कसं व्हतं?" आबा म्हणत, "बेस." त्यावर त्या निर्धास्त होत्या.

पुढचा ईस्टर उघड्या फाटकाने साजरा व्हायचा होता. रस्सा कोण करणार, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. दयाबाईंनी आपणहून नको म्हटलं. "मग म्या बी पहिला घास घेत न्हाई," असं आबांनी साहेबांना कळवलं, तेव्हा त्या तयार झाल्या, पण एका अटीवर. रस्सा प्रार्थनेआधी चाखायचा. एबनेझर साहेब हसले. "बायबलात नाहीच ते," ते म्हणाले, "हे मी आल्यापासून सांगतोय."

चिंचेखाली भगुणं उकळू लागलं. दयाबाईंनी अजून मीठ टाकलंच नव्हतं. आबांच्या जिभेने थोडं थोडं वाढवत न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एका हातात मिठाचा डबा आणि दुसऱ्या हातात रश्श्याची वाटी घेऊन त्या आबांच्या खुर्चीपाशी आल्या.

"आबा, बघा बरं—" आणि त्या पुढचं सांगणार, तोवर आबांनी घोट घेतलासुद्धा.

"बेस झालंय," ते म्हणाले. "मीठ एकदम बरोबर."

दयाबाईंनी हातातल्या डब्याकडे पाहिलं. मिठाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं. आबांची नजर त्यावर गेली आणि ते चपापले.

"चव कवापासनं न्हाई तुम्हाला?"

"दवाखान्यापासनं."

"आन् वरीसभर मला बेस म्हणत व्हता?"

"तू रोज इचारत व्हतीस," आबा म्हणाले. "मंग काय सांगायचं?"

दयाबाईंना हसू आलं आणि त्यातच डोळे भरून आले. वर्षभर दोघं काय खात होते देव जाणे. त्यांनी पदराने डोळे पुसले, चुलीपाशी आल्या आणि पानं मांडून घेणाऱ्या रतनबाईंना हाक मारली.

"जरा हे बघा."

रतनबाईंनी वाटीतला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अळणी हाय की गं."

"व्हय." दयाबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा त्यांच्यापुढे धरला.

इतकी वर्षं ज्या डब्यासाठी रतनबाई झुरल्या तो समोर आला, पण त्यांचा हात काही पुढे होईना. "मी टाकू? किती टाकू?"

"तुमच्या जिभंला इचारा."

रतनबाईंनी अर्धी मूठ टाकली. दयाबाईंनी पळीने ढवळलं. रतनबाईंनी चाखलं, आणखी चिमूटभर टाकलं, पुन्हा चाखलं आणि डबा परत दिला.

प्रार्थना झाली. आबांनी पहिला घास घेतला आणि सगळी पंगत हात आवरून त्यांच्या तोंडाकडे बघू लागली. आबा मात्र पंगतीच्या डोक्यावरून चुलीकडे, रतनबाईंकडे बघत होते. रतनबाईंनी मान हलवली.

"बेस झालंय," आबा म्हणाले.